जेवढी सू, तेवढं पाणी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, नंतर मध्येच अडवू नका. मी एक जुना जार आहे. पाण्याचा नाही, सरबताचा नाही, दुधाचा तर नाहीच नाही. मी सू मोजायचा जार आहे. हसलात? हसा, हसा. आमच्या वॉर्डात नवं येणारं प्रत्येक पोर मला बघून आधी खिदळतं. पण आठवडा उलटायच्या आत त्याची आई, त्याचा बाप आणि तो स्वतः, तिघंही माझ्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात दाबलं, साचा उघडला आणि टुणकन मी बाहेर. एक कान, चिमणीच्या चोचीसारखं एक तोंड आणि पोटावर लाल रेघा. माझ्याबरोबर निघालेली भावंडं कुठे कुठे गेली. एक बेकरीत मैदा मोजायला गेला, एक रंगाच्या दुकानात, एक कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. मी खोक्यातून बाहेर आलो तो थेट मुलांच्या दवाखान्यात, किडनीच्या वॉर्डात. पहिल्या दिवशी माझ्यात जे ओतलं ते बघून मला वाटलं, मागच्या जन्मी मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

पण काम कळलं आणि मी सुधारलो. आपल्या पाठीच्या बाजूला, कमरेच्या जरा वर, काजूच्या आकाराच्या दोन किडन्या असतात. त्या दिवसरात्र रक्त गाळतात आणि नको ते पाणी सू करून बाहेर काढतात. त्या नीट चालतात की नाही हे बाहेरून दिसत नाही. ते माझ्यात दिसतं. म्हणून प्रत्येक खाटेला एक जार, जारवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर खाटेचा नंबर. पोराने सू केली की ती माझ्यात ओतायची, मोठ्या सिस्टर मला खिडकीशी नेणार, डोळ्यासमोर धरणार आणि कुठल्या रेघेपर्यंत भरलोय ते बघणार. मग मला धुवायचं आणि मांडणीवर पालथं घालायचं. पोरगं बरं होऊन घरी गेलं की जुनी पट्टी सोलायची, नवी लावायची.

त्या वॉर्डात मी मजाही कमी बघितली नाही. दोन पोरं शेजारशेजारच्या खाटांवर होती, त्यांची रोज शर्यत लागायची, कुणाचा जार जास्त भरतो. हरलेला म्हणायचा, माझा जार गळका आहे. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने नव्या कोऱ्या जारमध्ये सफरचंदाचा रस ओतला आणि सगळ्या वॉर्डासमोर उभं राहून गटागटा प्यायला. पोरं किंचाळली, एक आजोबा घेरी येऊन खुर्चीत बसले आणि मोठ्या सिस्टरनी त्या डॉक्टरला जे काही सुनावलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. आणि खरं सांगू? सू झाली म्हणून आई टाळ्या वाजवते, अशी जागा मी दुसरी पाहिली नाही. असा माझा मान होता.

मग वकीलबाई आली.

हे तिचं नाव नव्हे, वॉर्डाने ठेवलेलं. वय असेल आठ. अंगाने काडी, जिभेने कात्री. सुई टोचायला आलेल्या सिस्टरला ती आधी विचारायची, काल टोचली त्याचं काय झालं ते सांगा, मग आज टोचा. औषध कडू असेल तर डॉक्टरांनी आधी चाटून दाखवावं, असं तिचं म्हणणं. तिचा बाप नळ दुरुस्त करणारा, प्लंबर. हात मोठे, बोलणं कमी. आईच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ, गोटू. त्याला वॉर्डात फार वेळ आणायचा नाही, म्हणून आई दुपारी येऊन जायची आणि बाकी सगळा वेळ लेकीपाशी बाप.

वकीलबाईचं दुखणं जन्मापासूनचं होतं, पण कुणाला कळलंच नव्हतं. ती थोडंसं पळाली की पाय दुखायचे, तर घरचे म्हणायचे आळशी आहे. डोकं दुखायचं, तर तिला चष्मा लावला. नाकातून रक्त यायचं, तर उन्हात खेळू नकोस. जखम मांडीला, मलम शेंडीला. पुढे सकाळी उठली की तोंड सुजायला लागलं आणि सू कमी झाली, तेव्हा ती आमच्याकडे आली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं, ते आभाळाला टेकलेलं. मग त्यांनी तोच पट्टा तिच्या पायाला बांधला. पायात प्रेशर जेमतेम. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पावलांना हात लावला. गार.

छातीच्या आतले फोटो काढल्यावर सगळं दिसलं. हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते. आधी तिचे फाटे वर डोक्याला आणि हातांना जातात, मग ती खाली पोटाकडे उतरते. वकीलबाईची ही वाहिनी उतरताना एका जागी आखडलेली होती, आईच्या पोटात असल्यापासून. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून बापाला समजावलं. बाप बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे वरच्या मजल्यावर धो धो, आणि खालच्या घरात नळाला धार नाही."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. किडन्या खालच्या घरात. त्यांना रक्त पुरत नाही, म्हणून त्या सारख्या ओरडतात, प्रेशर वाढवा, प्रेशर वाढवा. हृदय बिचारं ऐकतं आणि जोर लावतं. वर डोकं फुटायची वेळ, खाली तरीही कोरडं. असं आठ वर्षं चाललं होतं. हृदय थकलेलं, किडन्या उपाशी.

ऑपरेशन झालं. मोठ्या सर्जनांनी आखडलेली जागा मोकळी केली. पावलं गरम झाली. बापाने ती दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण किडन्यांनी संप पुकारला. आधीच उपाशी, त्यात एवढं मोठं ऑपरेशन. वकीलबाई वॉर्डात परत आली तेव्हा माझ्या तळाशी दोन घोट साचायचे, तेही चहाच्या रंगाचे.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. सू होत नसेल आणि माणूस पाणी पीत राहिला, तर ते पाणी अंगातच साठतं. तोंड सुजतं, पाय सुजतात, छातीत पाणी भरतं आणि श्वास लागतो. म्हणून वॉर्डाचा नियम असा, की काल जेवढी सू झाली, तेवढं पाणी आज प्यायचं आणि वर अगदी थोडंसं. मोठ्या सिस्टरनी हा नियम वकीलबाईला पोरांच्या भाषेत सांगितला. जेवढी सू, तेवढं पाणी.

वकीलबाईने तो लगेच वादाला घेतला. पाणीच दिलं नाही तर सू येणार कुठून? आधी पाणी द्या, मग हिशेब करू. मोठ्या सिस्टर हसल्या, पण पाणी दिलं नाही. बर्फाचा एक खडा दिला. तो तिने गालात धरून ठेवला, या गालातून त्या गालात, विरघळेस्तोवर. मग ओठांवरून जीभ फिरवत राहिली.

तहान म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, मी प्लास्टिकचा. पण ती मी बघितली. पहिल्या दिवशी ती भांडायची. नंतर मागायची. नंतर भांडणंही संपलं आणि मागणंही. कुणी शेजारी बाटलीचं झाकण उघडलं की मान वळवून फक्त बघायची. एकदा ती बापाला म्हणाली, "बाबा, तू लोकांकडे पाणी आणतोस ना रे?" एवढंच. टोमणा नव्हता त्यात. बाप उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या सकाळी मशीन लावू. ते मशीन किडन्यांचं काम करतं, अंगातलं जादा पाणी काढतं, रक्त साफ करतं. घाबरायचं कारण नाही. अर्थात, आजच्या दिवसात सू वाढली तर मशीन नको, थोडं थांबू.

त्या दुपारी बाप तिला संडासात घेऊन गेला. तिने जे काही केलं ते त्याने माझ्यात ओतलं. तळ जेमतेम झाकला गेला. त्याने मला वर धरून बघितलं. बाजूलाच हात धुवायचं भांडं होतं, त्यावर नळ. नळ कसा उघडला की आवाज होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने करंगळीपेक्षा बारीक धार सोडली आणि मला खाली धरलं. पाणी एक रेघ चढलं, दुसरी चढलं. दारात वकीलबाई उभी होती, भिंतीला धरून. तिने सगळं बघितलं. बापाने तोंडावर बोट ठेवलं. तिने मान हलवली.

मित्रांनो, मला कान आहे, पण तो धरण्यासाठी. मला तोंड आहे, पण ते ओतण्यासाठी. त्या दिवशी मी जिवाचा कितीही आटापिटा केला असता, तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नसता.

मोठ्या सिस्टरनी मला खिडकीशी धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हाक मारूनच सगळ्यांना सांगितलं, वकीलबाईची गाडी सुरू झाली. शेजारच्या खाटेवरच्या आईने टाळ्या वाजवल्या. बापाने पुढच्या वेळी जरा जास्त ओतलं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडं. दिवस संपता संपता मी छान भरलेला दिसलो. डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका पोराच्या मशीनपाशी अडकल्या होत्या, त्यांना आकडा कळवला. त्या म्हणाल्या, उत्तम, मग उद्या मशीन नको, आणि पाणी वाढवा.

सकाळी वकीलबाईला ग्लासभर पाणी मिळालं. तिने ते गटागटा प्यायलं नाही. ग्लास दोन्ही हातांत धरला, आत बघितलं, एक घोट घेतला, थांबली. पुन्हा एक घोट. पूर्ण ग्लास तिने असा संपवला आणि शेवटी ग्लास उलटा करून उरलेला थेंब जिभेवर घेतला. बाप तिच्याकडे असा बघत होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारनंतर तिचे डोळे सुजून बारीक झाले. आडवं पडलं की तिला खोकला यायचा, म्हणून ती उशा रचून बसून राहिली. वजन केलं तर काटा पुढे सरकलेला. सू इतकी झाली तर वजन वाढलं कसं? डॉक्टरीणबाई धावतच आल्या, त्यांनी मला उचललं आणि उजेडाकडे धरलं. माझ्यात जे होतं ते फार फिकं होतं. थोडंसं तपासायला पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला नाही.

त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "यात पाणी कुणी घातलं?"

बापाने तोंड उघडलं. त्याच्या आधी वकीलबाई बोलली.

"मी."

"का गं?"

श्वास लागला होता, म्हणून ती तुकड्या-तुकड्यांनी बोलली. "नियम तुमचाच होता. जेवढी सू, तेवढं पाणी."

डॉक्टरीणबाईंनी ते खरं मानलं. विश्वास न ठेवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. असं काही करणारं पोर त्या वॉर्डात एकच होतं. बाप पुढे सरकला, तेव्हा वकीलबाईने त्याच्याकडे बघितलं. काल संडासाच्या दारातून बघितलं होतं तसंच. बाप गप्प बसला.

तिला घाईने खालच्या मजल्यावर नेलं, मशीनवर घेतलं. छातीतलं पाणी निघत होतं म्हणे. पण आठ वर्षं जोर लावून लावून थकलेल्या हृदयाला तो भार सोसला नाही.

आम्हा जारांना कुणी काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या पोटावरची पट्टी सोलली, मला धुतलं आणि मांडणीवर पालथं घातलं. एरवी त्या धुताना काहीतरी पुटपुटत असतात. त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज होता.

मग कितीतरी पोरं आली, गेली. माझ्या रेघा पुसट झाल्या. कानाला तडा गेला. आता खाटेवर पिशव्या लटकतात, त्यांच्यावर माप छापलेलं असतं, ओतायची भानगड नाही. मला मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. कुणी विचारेना.

तिथे पडल्या पडल्या मी एक गोष्ट ऐकायचो. नवं पोर आलं की मोठ्या सिस्टर त्याला ती सांगायच्या. अगदी प्रेमाने, पोराच्या भल्यासाठी. एक होती वकीलबाई. फार चावट. तिने काय केलं, जारमध्ये गुपचूप नळाचं पाणी ओतलं आणि सगळ्यांना फसवलं. मग तिला खूप त्रास झाला. तू नाही ना असं करणार? पोर डोळे मोठे करून मान हलवायचं. गोष्ट वॉर्डभर झाली. जिने तिला बघितलंही नव्हतं अशी सिस्टरही ती सांगायला लागली. आणि मी वर, फळीवर, मूग गिळून.

एक दिवस ते तिघं आले. आई, बाप आणि गोटू. गोटू आता चालत होता, प्रत्येक खाटेखाली डोकावत होता. डॉक्टरीणबाईंनीच बोलावलं होतं. एका मुलाला असा आजार असला की भावंडाचंही बघून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मोकळ्या खाटेवर गोटूला बसवलं, हाताला पट्टा बांधला, मग पायाला बांधला. दोन्ही ठीक. पावलं गरम. आईने कितीतरी वेळाने श्वास सोडला.

पट्टा सोडेपर्यंत गोटू चुळबुळ करत होता, म्हणून मोठ्या सिस्टर त्याच्याशी बोलायला लागल्या. शेजारच्या खाटेवरचं एक पोरगंही कान टवकारून ऐकत होतं. "तुझी ताई होती ना, फार चावट हं. माहितीये, तिने एकदा काय केलं? जारमध्ये पाणी..."

"सिस्टर," बाप म्हणाला. "गोष्ट चुकतेय."

मोठ्या सिस्टर थांबल्या.

"पाणी मी ओतलं. तिने फक्त बघितलं." त्याचे मोठे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी बोलू दिलं. हे पोर मोठं होईल. याला असं नका सांगू, की ताईने फसवलं."

मोठ्या सिस्टरनी खाटेचा दांडा धरला. आई नवऱ्याकडे बघत होती, जणू त्याला पहिल्यांदाच बघतेय.

बापाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या पाण्यानेच गेली ना? मला वाटलं त्या नाही म्हणतील, सगळेच म्हणतात. त्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "त्या पाण्यामुळे एक दिवस वाया गेला. तो दिवस हातात असता तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. हृदय आधीच फार थकलं होतं. तुमच्यामुळे नाही, असं खोटं मी सांगणार नाही. आणि तुमच्यामुळेच, असंही म्हणणार नाही, कारण तेही खरं नाही. मीही तो आकडा ऐकला आणि येऊन जार बघितला नाही."

आईने गोटूला उचलून कडेवर घेतलं. मला वाटलं, आता ती निघून जाईल. ती गेली नाही. ती नवऱ्याच्या जवळ आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"पण तिला प्यायला मिळालं का? पोटभर?"

"एक ग्लास," तो म्हणाला. "पूर्ण."

आईने मान हलवली. मग त्याच्या लोंबत्या हाताला धरून ती खाटेवर बसली, त्यालाही बसवलं.

मित्रांनो, मला आता कधीही टाकून देतील, म्हणून मागायचं ते मागून घेतो. कुणाचं डोकं सारखं दुखत असेल, पळताना पाय भरून येत असतील, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, हाताचं प्रेशर बघता तसं पायाचंही बघा. आणि जार भरला नाही तर तो रिकामाच दाखवा. त्यात लाज कसली? रिकामा जारही बोलतो, फक्त त्याच्यात दुसरं काही ओतू नका. तहान लागलेल्याला नाही म्हणणं फार अवघड असतं, मी बघितलंय. तेव्हा एकट्याने नाही म्हणू नका. सिस्टरना हाक मारा, डॉक्टरांना हाक मारा, त्यांच्यासमोर रडा.

मोठ्या सिस्टर अजून ती गोष्ट सांगतात. आता ती अशी सुरू होते: एक होता बाबा, त्याचा लेकीवर फार जीव होता.